बेळगावहून आर्ट फेअरला: आधी फाइल, मग खोकी

घरच्या चित्रांच्या दुकानात व्यवहार ओळखीवर चालतो. आजोबांनी विकलेलं चित्र नातू फ्रेम बदलायला घेऊन येतो आणि ‘काका म्हणाले म्हणजे खरं’ एवढ्यावर पुढचा सौदाही ठरतो. फेअरमध्ये हे काका कुणाच्याच ओळखीचे नसतात. दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर असो (2008 साली तो इंडिया आर्ट समिट या नावाने सुरू झाला) किंवा 2023 पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर भरणारा आर्ट मुंबई, गिऱ्हाईक आधी विचारतं, हे आलं कुठून? त्यामुळे बेळगाव-निपाणी भागातल्या दुकानाने स्टॉलचा नकाशा नंतर बघावा, फायली आधी लावाव्यात.

एका चित्राला एक फाइल. तिच्यात पुढचा आणि मागचा फोटो, सेंटिमीटरमध्ये माप (आधी उंची, मग रुंदी), माध्यम, खरेदीची पावती आणि आजवर झालेली दुरुस्ती. पाठीमागे चिकटलेली जुन्या फ्रेमवाल्याची चिठ्ठी कधीच फाडू नका. नवी पाठ लावायची असेल तर चिठ्ठी पारदर्शक पाकिटात घालून तिथेच ठेवा. बऱ्याचदा चित्र कोणत्या गावातून, साधारण कधी गेलं याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

आपल्याकडे दोन जागी हमखास फसगत होते. पहिली, बिनसहीची कोल्हापुरी निसर्गचित्रं. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली असंख्य चित्रं तिथल्या कोटीतीर्थ तळ्यात बुडवली असं सांगितलं जातं, त्यामुळे ‘हरवलेला आबालाल सापडला’ ही गोष्ट विकायला फार सोयीची. कागद नसेल तर लेबलवर ‘कोल्हापूर परंपरा’ एवढंच लिहावं. दुसरी, रविवर्म्यांची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांच्या रंगीत शिळाछाप प्रती. 10 पटीचं भिंग लावा. जुन्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकलेले दिसतात. ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसली की ते ऑफसेट, म्हणजे अलीकडची यंत्रछपाई, मग कागद कितीही पिवळा असो.

कायद्याची बाजू थोडक्यात. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांवरचं चित्र पुरावशेष ठरतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणी झालेली वस्तू हातबदल झाली तर तेही कळवावं लागतं. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस यांची चित्रं वय कितीही असलं तरी निर्यात होत नाहीत. परदेशातून आलेलं गिऱ्हाईक पैसे काढायच्या आधीच हे सांगून टाकावं.

आता सीमेचं दुखणं. चित्रांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 वर आला, पण गोंधळ दराचा नसून राज्याचा आहे. कागलचा, नोंदणी नसलेला माणूस बेळगावच्या दुकानात येऊन चित्र घेतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून बिलावर त्याचा महाराष्ट्राचा पत्ता लिहिला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागतो, आणि पत्ता लिहिलाच नाही तर विक्री कर्नाटकातली धरली जाते. फेअरला माल नेताना तो अजून विकलेला नसतो, म्हणून बिल नव्हे, डिलिव्हरी चलन करायचं. मालाची किंमत 50,000 रुपयांवर असेल तर सोबत ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना. त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे मुंबईसाठी तीन. गाडी पुण्यात मुक्काम करणार असेल तर मुदतीचा हिशोब आधीच करा. पसंतीवर नेलेल्या मालाची विक्री किंवा परती सहा महिन्यांत व्हावी लागते. फेअरच्या राज्यात तात्पुरती, 90 दिवसांची नोंदणी घ्यायची की घरच्याच नोंदणीवर आयजीएसटीने बिल करायचं, हे सीएला स्टॉलचे पैसे भरण्यापूर्वी विचारा. तात्पुरत्या नोंदणीत अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो आणि तेवढी रक्कम अडकून पडते.

बांधणीत सगळ्यात जास्त चुका होतात. बबल रॅप थेट रंगावर कधीच लावू नये, गाडीच्या उष्णतेने व्हार्निशवर गोल वण उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घातलं तर वजन कमी होतं. मात्र पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राला अ‍ॅक्रिलिक नको, त्यातली स्थिर वीज रंगाची भुकटी ओढून घेते. तिथे काचच ठेवा आणि तिच्यावर चिकटपट्टीची जाळी मारा. खोकं 12 मिमी प्लायचं, आत चारी बाजूंनी 50 मिमी फोम. खिळे नकोत, स्क्रू हवेत, कारण परतीला तेच खोकं उघडायचं असतं. चित्रं उभी, रंगाची बाजू रंगाच्या बाजूकडे, मधे फोमबोर्ड. आडवी रचली तर खंबाटकी घाटात खालच्या कॅनव्हासचं काय होतं ते पुण्यात उतरवल्यावर कळतं.

फ्रेमिंगचं काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. बेळगावच्या पावसात ओल प्यालेली पाठ आत बंद झाली की फेब्रुवारीत दिल्लीच्या कोरड्या हवेत फ्रेमचे कोन सुटतात आणि कागद लाटांसारखा उठतो. दसऱ्यानंतरच फ्रेम बांधा.

तीन बाय चार मीटरच्या, चार मीटरची एक बाजू उघडी असलेल्या स्टॉलमध्ये भिंत 10 मीटर मिळते. 60 सेंटिमीटर रुंदीची सात-आठ चित्रं पुरे; आणखी चार आत ठेवा, एखादं विकलं की लावायला. चित्राचा मध्य जमिनीपासून 150 सेंटिमीटरवर. 80 सेंटिमीटर उंचीच्या चित्राची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून 8 सेंटिमीटर खाली येत असेल, तर हुक 150 अधिक 40 वजा 8, म्हणजे 182 वर. भिंतीचं प्लाय किती जाड आहे ते आयोजकांना लेखी विचारा. 6 मिमीच्या प्लायमध्ये जड चित्राचा स्क्रू टिकत नाही, मागे लाकडी पट्टी मागून घ्यावी लागते.

पैशाचं गणित निष्ठुर आहे. समजा सगळा खर्च 4 लाख आणि विक्रीत दुकानाचा वाटा 40 टक्के, तर 10 लाखांची विक्री झाली की फक्त खर्च निघतो. शिवाय 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, ‘गावचेच आहेत’ ही सबब चालत नाही.

व्यापारी संघटनेच्या सभासदत्वाचा प्रश्न वेगळा. ब्रिटनमधली जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांची संघटना बाडा 1918 पासूनची, आणि 1935 ची सिनोआ हा तर देशोदेशीच्या अशा संघटनांचाच महासंघ. तिथे एकट्या दुकानाला जागा नाही, आपल्या देशातल्या संघटनेमार्फतच जावं लागतं. अशा संघटनांचं खरं भांडवल म्हणजे सभासदांवर बंधनकारक असलेली आचारसंहिता. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या टेफाफ या कला-फेअरमध्ये उद्घाटनाआधी तज्ज्ञ स्टॉल तपासतात आणि त्या वेळी दुकानदाराला तिथे थांबता येत नाही. आपल्या चेंबर ऑफ कॉमर्सचं सभासदत्व बँकेत, ओळखीपाळखीत उपयोगी. चित्र अस्सल आहे हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. फेअरच्या अर्जात ते ‘प्रमाणपत्र’ म्हणून जोडलं तर उलट हसं होतं.

सभासदत्व घेताना ते कुणाच्या नावावर आहे ते बघा. वडिलांची मालकी पेढी असेल तर त्यांच्या पश्चात जीएसटी नोंदणी आपोआप मुलाकडे येत नाही, ती नव्याने घ्यावी लागते आणि शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-02 फॉर्मने वळवावं लागतं. संघटनेच्या यादीत जुनं नाव, स्टॉलच्या करारात मुलाचं आणि चलनावर तिसरंच, असं झालं तर राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे गाडी अडल्यावर फोन कुणी उचलायचा इथूनच वाद सुरू होतो. भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करायची असेल तर ती फेअरच्या वर्षात नको, आदल्या वर्षी करून घ्या.