मुलांसह गडभ्रमंती: या हंगामाची नोंद

पावसाळा ओसरल्यावर यंदाच्या भटकंतीसाठी एक गोष्ट ठरवून घेतली. गड मी निवडायचा, परंतु पायथ्यापासून पायथ्यापर्यंतचे निर्णय मुलांनी घ्यायचे. थोरला १४ वर्षांचा आहे आणि धाकटा १० वर्षांचा. आजवर दोघेही माझ्या मागून चालत आले, आणि मागून चालणाऱ्याला पुढच्याची टाच तेवढी दिसते, वाट दिसत नाही. जिवाला धोका वाटला तर थांबवण्याचा अधिकार मात्र मी स्वतःकडे ठेवला आहे, तो दोघांनाही मान्य आहे.

सुरुवात बारी गावातून कळसूबाईने केली. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर असले, तरी वाट मळलेली आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. त्यामुळे वाट शोधण्याचा प्रश्न नव्हता, लक्ष फक्त चालीकडे दिले. धाकट्याला सर्वांत पुढे ठेवले आणि त्याच्या वेगाने आम्ही दोघे चाललो. थोरल्याला ते सुरुवातीला जड गेले, पण धाकट्याचे ‘बाबा, अजून किती?’ हे पालुपद त्या दिवशी फारसे ऐकू आले नाही.

खरी परीक्षा हरिश्चंद्रगडावर होती. पाचनईची सोपी वाट सोडून मुद्दाम खिरेश्वरची धरली, कारण टोलार खिंडीत वाट फुटते. व्याघ्रशिल्पापाशी पोहोचल्यावर एक वाट कोथळ्याकडे उतरते आणि डावीकडची गडाच्या कातळावर चढते. थोरल्याने घरीच नकाशा पाहून वहीत रेखाटन केले होते, तरीही खिंडीत तो बराच वेळ उभा राहिला. सूर्य कोठे आहे ते त्याने पाहिले, खिरेश्वरची बाजू ताडून घेतली आणि मगच डावीकडे बोट दाखवले. या वेळात तोंड मिटून उभे राहणे हे बापाच्या दृष्टीने पुढच्या कातळटप्प्यापेक्षाही कठीण काम आहे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे.

कातळावर रेलिंग आहे, पण त्यावर भार टाकायचा नाही असा आमचा नियम आहे. दोन हात आणि एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा पाय उचलायचा नाही, हे धाकटा स्वतःशी पुटपुटत चढला. त्याच्या वरचे टेकाड आणि झाडीचे पट्टे फसवे आहेत. तेथे ढोरवाटा इतक्या आहेत की धुके उतरले की जाणताही गोंधळतो. धाकट्याकडे खुणा शोधण्याचे काम दिले होते. ढोरवाट झुडपाखालून जाते, माणसाची वाट झुडपाला वळसा घालते, हा शोध त्याने स्वतःच लावला आणि तो बहुतेक ठिकाणी खरा ठरला. केदारेश्वराच्या गुहेतील कमरेएवढ्या गार पाण्यात तो शिवलिंगापर्यंत गेला, थोरला काठावरूनच परतला. कोकणकड्यावर मात्र निर्णय कोणाचाच नव्हता: काठाच्या अलीकडेच पोटावर झोपायचे आणि सरपटत पुढे जायचे.

राजगडावर गुंजवणे गावातून चोरदरवाजामार्गे गेलो. पद्मावती माचीवर पोहोचलो तेव्हा बालेकिल्ल्याच्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकले होते. त्या कड्यांना आग्या मोहोळे असतात, आणि खालून कोणीतरी मोठमोठ्याने आरोळ्या ठोकत होते. थोरल्याने घड्याळ पाहिले, उरलेले पाणी मोजले आणि बालेकिल्ला सोडून संजीवनी माचीकडे जायचे ठरवले. धाकट्याने वर्गात आधीच बालेकिल्ल्याची फुशारकी मारून ठेवली होती, त्यामुळे तो रुसला आणि माझ्याकडे आशेने पाहू लागला. मी असतो तर तासभर थांबून चढलो असतो. तरीही मी ‘दादा सांगेल तसे’ एवढेच म्हटले, कारण एकदा सोपवलेला निर्णय पहिल्याच नाराजीला काढून घेतला असता, तर पुढच्या वेळी थोरल्याने प्रत्येक फाट्यावर माझे तोंड पाहिले असते.

रुसवा संजीवनीवर संपला. तेथील दुहेरी तटबंदीतील अरुंद जागेत वाकून, भिंतीला हात लावत उतरावे लागते. बाहेरचा तट पडला तरी शत्रू आतल्या तटापुढे कोंडीत सापडावा, अशी ही रचना आहे. धाकट्याने थोरल्याला शत्रू केले आणि वरून खडे टाकून त्याला परतवून लावले. एक खडा माझ्या टोपीवरही आला.

पुढचा बेत राजगड ते तोरणा या धारेचा आहे. संजीवनीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचे आणि वेल्ह्यात उतरायचे, असे थोरल्याने वहीत मांडले आहे. चाल मोठी आहे आणि धारेवरच्या पाण्यावर विसंबून निघता येत नाही, म्हणून थंडी संपण्यापूर्वीच जायचे ठरले आहे. धाकट्याने स्वतःचे तीन लिटर पाणी स्वतः वाहण्याचे कबूल केले असून, सध्या तो संध्याकाळी भरलेली पाठपिशवी घेऊन आमच्या इमारतीचे चार मजले चढतो-उतरतो. मोबदल्यात राजगडावर या वेळी आधी बालेकिल्ला, अशी त्याची अट आहे, आणि थोरल्याने ती पहाटे निघण्याच्या बोलीवर मान्य केली आहे.