मान दोनदा वळली की थांबायचं

सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, चाळीस तास मिळतात. जेवण, डुलकी, पंक्चर, सगळं त्यातच बसवायचं. मी अशा दोन केल्या. दुसरी संपल्यावर कुणीतरी सहज विचारलं, "रस्ता कसा होता?" मला सांगता येईना. डोळ्यांपुढे होता तो फक्त पुढच्या सायकलचा लाल दिवा आणि हँडलवरचा सरासरी वेगाचा आकडा. बराच वेळ रस्त्याच्या कडेने नदी होती म्हणे. मला ती नंतर, घरी नकाशावर रेघ बघताना दिसली.

त्यानंतर ब्रेव्हे सोडल्या असं नाही, पण पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला टांगायच्या सामानाच्या पिशव्या, लावून, रोज सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या हिशोबाने निघायला लागलो. सवय मात्र सुटेना. थांबलं की चोरी केल्यासारखं वाटायचं. सायकल-भटकंतीचे आद्य पुरुष मानले जाणारे फ्रान्सचे पॉल द व्हिव्ही, ऊर्फ व्हेलोसिओ (1853-1930), यांनी सायकलस्वारांसाठी सात नियम घालून दिले. त्यातला पहिलाच नियम असा, की थांबे कमी आणि थोडक्यात घ्यावेत, लय मोडू देऊ नये. बाकीचे सहा मला मान्य आहेत. बढाईपोटी पेडल मारू नये हा सातवा तर फारच. पहिल्याशी माझं भांडण आहे.

हिशोब करून बघा. ताशी पंधराच्या वेगाने दहा मिनिटांचा थांबा म्हणजे अडीच किलोमीटर. दिवसात सहा वेळा थांबलात तर पंधरा किलोमीटर, म्हणजे एक तास. मुक्कामी सहाऐवजी सातला पोचाल. बस.

मग थांबायचं कशासाठी? माझा नियम साधा आहे. एकदा मान वळली तर ती सवय. दुसऱ्यांदा त्याच दिशेला वळली की ब्रेक. हा नियम मी ज्यांच्याकडून उचलला ते काका माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठे. सायकल त्यांची माझ्याहून जड, आणि तरी मुक्कामी ते नेहमी माझ्या आधी हजर.

आम्ही दोघांनी व्हिया क्लाउडिया ऑगस्टा केला. सम्राट क्लाउडियसच्या काळात, इ.स. 46-47 मध्ये पक्का झालेला हा रोमन रस्ता डॅन्यूब नदीकडून आल्प्स ओलांडून इटलीत उतरतो. आज त्याच्या मागावर सायकलींचा आखलेला मार्ग आहे.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी आम्ही एका कुरणाच्या कडेने चाललो होतो. सूर्य पाठीशी, नुकताच वर आलेला, गवतावर भरपूर दव. आमच्या लांबलचक सावल्या गवतावरून सरकत होत्या आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती पांढरट तेज दिसत होतं. मान वळली. परत वळली. थांबलो.

"काका, माझ्या डोक्याभोवती बघा काय आहे."

"तुझ्या कुठे? तुझं डोकं साधं काळं आहे. माझ्या डोक्याभोवती आहे."

पाच मिनिटं वाद. दोघेही खरं बोलत होतो. दवाचा प्रत्येक थेंब भिंगासारखा काम करतो. ऊन गवताच्या पात्यावर एकवटतो आणि आल्या वाटेनेच सूर्याकडे परत पाठवतो. त्या वाटेवर ज्याचे डोळे असतील त्यालाच ते दिसतं, म्हणून प्रत्येकाला तेज फक्त स्वतःच्याच डोक्याभोवती. जर्मनमध्ये याला संतांच्या प्रभावळीचंच नाव आहे, हायलिगेनशाइन. सोळाव्या शतकात बेन्वेनुतो चेल्लिनी या इटालियन सोनार-शिल्पकाराला हे स्वतःभोवती दिसलं आणि तो आपल्यावरच्या दैवी कृपेचा पुरावा समजला. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग त्यात त्याचं काय चुकलं?" आणि निघाले.

हे दृश्य कुठल्याही नकाशावर नाही. दव, उघडं आकाश आणि सकाळचं तिरपं ऊन असलं की कुठेही दिसेल. गाडीतून नाही दिसणार, कारण गाडीची सावली डब्ब्यासारखी असते आणि आपण तिच्या आत.

इंद्रधनुष्याचंही तसंच. ते नेहमी आपल्या डोक्याच्या सावलीभोवती सुमारे 42 अंशांवर असतं. सूर्य क्षितिजापासून 42 अंशांहून वर गेला की सपाट रस्त्यावरून ते दिसतच नाही. म्हणून दुपारी चारनंतर पाऊस समोर आणि ऊन पाठीमागे असेल तर रेनकोट घालण्याच्या निमित्ताने थांबावं. भिजायचं आहेच.

आता बोर्ड लावलेल्या जागांबद्दल. सरोवर, कठडा, चार गाड्या, फोटोसाठी रांग. मी तिथे पाणी पितो आणि निघतो. पण रेशेन खिंडीजवळचा घंटामनोरा मला असा सोडता आला नाही. सुमारे 1500 मीटर उंचीची ती खिंड ओलांडून आपण इटलीत शिरतो आणि सरोवराच्या पाण्यातून चर्चचा मनोरा सरळ वर आलेला दिसतो. नुसता मनोरा. चौदाव्या शतकातला. 1950 मध्ये धरणासाठी दोन नैसर्गिक सरोवरं जोडून पाणी चढवलं, तेव्हा ग्राउन हे गाव सगळं आणि रेशेन गावाचा बराच भाग बुडाला. 163 घरं. आधी घंटा उतरवल्या, चर्च पाडलं, मनोरा तेवढा ठेवला.

मोठा रस्ता आणि गर्दी पूर्वेच्या काठाला, मनोऱ्याच्या अगदी जवळ. तिथून तो देखणा दिसतो, फोटोतल्यासारखा. सायकलची वाट पश्चिमेच्या काठानेही जाते. तिकडून आख्खं पाणी मध्ये येतं, मनोरा बोटाएवढा होतो, आणि मग कळतं की आपण मनोरा नाही, त्याच्या आजूबाजूला जे नाही ते बघतोय. काका तिथे अर्धा तास बसले. एक शब्द नाही. मी आपला चेनला तेल घालत बसलो.

थांबण्याचीही एक पद्धत असते, आणि मी ती सायकल आपटून शिकलोय. मऊ मातीत स्टँड लावून मी दरी बघायला पुढे गेलो. पॅनिअरच्या वजनाने स्टँड आत रुतला, सायकल आडवी, आरसा फुटला. तेव्हापासून सायकल भिंतीला नाहीतर झाडाला टेकवतो. चढावर थांबण्याआधी हलका गिअर टाकून ठेवायचा, नाहीतर निघताना गुडघे बोलतात. घाटात चढून आलात की आधी विंडशीटर, मग दृश्य; घामाने ओला शर्ट दोन मिनिटांत गार पडतो. आणि वळणाच्या आतल्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही, समोर स्वर्ग असला तरी. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नसता.

खरी अडचण उताराची. चढावर थांबायला बहाणाच लागतो, धाप लागलेली असते, फुलपाखरूसुद्धा प्रेक्षणीय वाटतं. उतारावर मात्र कमावलेला वेग हातचा घालवायला जीव होत नाही. दोन तासांच्या मेहनतीची ती परतफेड असते. आणि घोळ असा की चढताना डोळे पुढच्या चाकापासून दोन हातांवर; दरी उघडते ती उतरतानाच.

रेशेनहून खाली आलो आणि एक दिवस मार्ग सोडून स्टेल्व्हियो खिंड चढायला गेलो. प्राटो गावातून सुमारे चोवीस किलोमीटर चढ, 48 हेअरपिन, म्हणजे केसांच्या पिनेसारखी उलट फिरणारी वळणं, माथा 2757 मीटरवर. ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी कार्लो दोनेगानी या अभियंत्याने 1820 ते 1825 या काळात हा रस्ता बांधला. प्रत्येक वळणाला आकड्याचा दगड, खालून वर 48 पासून 1 पर्यंत उतरता. चढताना तो दगड हेच माझं प्रेक्षणीय स्थळ होतं, हे कबूल करतो. वर पोचून कठड्यावरून खाली पाहिलं. डोंगराच्या उभ्या भिंतीवर कुणीतरी दोरी टाकून ठेवल्यासारखा आपलाच सकाळचा रस्ता. आपण इथून आलो यावर विश्वास बसत नाही, आणि मांड्या सांगतात की आलास.

उतरताना काका पुढे होते. समोर ऑर्टलर शिखराच्या बाजूला ढग फाटले आणि हिमनदीच्या एका तुकड्यावर ऊन पडलं. बाकी सगळा डोंगर काळा, तेवढाच तुकडा पेटलेला. मान वळली. दुसऱ्यांदा वळली. ब्रेकवर बोटं गेली आणि मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वळणावर अजून छान दिसेल.

पुढच्या वळणावर डोंगराची सोंड आडवी आली. त्याच्या पुढच्यावरही. तीन वळणं खाली आल्यावर थांबलो, सायकल फिरवली आणि पॅनिअरला शिव्या घालत परत चढायला लागलो. वीस मिनिटं लागली असतील.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कठड्यावर काका बसले होते. विंडशीटर गळ्यापर्यंत बंद, सायकल भिंतीला नीट टेकवलेली. मी त्यांच्यासमोरूनच खाली गेलो होतो आणि मला ते दिसलेही नव्हते. ऑर्टलरवर आता सलग राखाडी ढग होता.

"होतं का अजून?" मी धापा टाकत विचारलं.

"होतं की," काका म्हणाले. "तू वर वळलास तोपर्यंत होतं."