काळ्या रानातला निळा

"ही कला आधीपासूनच अंगात होती का हो?" भिंतीवरची चित्रं पाहून येणारा-जाणारा विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नव्हती. मी तलाठी होतो. अंबाजोगाईकडे नोकरी गेली, पीकपाहणी, फेरफार, पंचनामे यांत. लोक मला हुरूप यावा म्हणून रवींद्रनाथांचं नाव घेतात. साठीच्या पुढे ते चित्रांत रमले, हस्तलिखितातल्या खाडाखोडीला आकार देता देता. १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शनही भरलं. पण खाडाखोड कवीला शोभते. सातबाऱ्यावर केली की चौकशी लागते!

माझं निमित्त मोतीबिंदूचं. तो वाढतो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होतं आणि निळा रंग अडवतं. इतकं सावकाश की पत्ता लागत नाही. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, तर त्या डोळ्याला बायकोचं लुगडं निळं आणि डाव्याला मळकट हिरवं. तिला सांगितलं, तर म्हणाली, "अहो, ते घेतल्यापासून निळंच आहे."

बोलून पटेना, म्हणून जलरंगाच्या ट्यूब आणल्या. बालाघाटचा तोच डोंगर, एकदा डावा डोळा झाकून, एकदा उजवा. फ्रान्सचा चित्रकार मोने यातून गेलेला, त्याचं ऑपरेशन १९२३ चं. त्याची-माझी बरोबरी तेवढ्या आजारापुरती.

पुढे डावाही डोळा झाला आणि तुलना संपली. तोवर काळ्या रानानं धरून ठेवलं होतं. ट्यूबमधला काळा लावला की रान डांबरी सडक दिसतं. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळला की जमतं. निळ्याचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ढेकळं आपोआप उमटतात. नांगरलेल्या रानात एवढा निळा असतो, आणि मी जन्मभर नुसतं 'जिरायत' लिहीत आलो.

उन्हाळ्यात मात्र सकाळीच उरकावं लागतं. ऊन तापलं की रंग पसरायच्या आत वाळतो, कडा धरतो. कागद दोन्ही अंगांनी भिजवला तर जरा सवड मिळते.

गावाकडची माणसं कलेबिलेचं काही विचारत नाहीत. चित्राजवळ जाऊन बांध निरखतात आणि म्हणतात, "अप्पा, गट नंबर कोणता हा?" तो मी सांगत नाही. भांडणं लागतात.