चादरीची घडी आणि ओढणी

योगवर्गाला आज आठवडा झाला. वय 46, दिवसाचे आठ तास खुर्चीत, सकाळी कंबर लाकडासारखी. पहिल्या दिवशी बाईंनी आसनाआधीच विचारलं, "बीपी आहे का? मणक्याचं काही? एखादं ऑपरेशन?" माझं बीपी ऐकून म्हणाल्या, "मग शीर्षासन, सर्वांगासन नको. आणि श्वास कुठेच रोखायचा नाही." असं कुणीतरी आधी विचारलं याचंच केवढं बरं वाटलं!

कारण दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ बघून पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय समोर पसरून पुढे वाकताना, पायाचे अंगठे पकडायचेच म्हणून मी पाठ ओढली आणि पंधरा दिवस कमरेला पट्टा बांधून फिरले. आज तेच आसन चादरीच्या घडीवर बसून केलं, गुडघे थोडे वाकवून, तळव्यांभोवती ओढणी टाकून. डोकं गुडघ्यांपासून हातभर लांबच राहिलं. पण पाठ कमरेपासून लांब होतेय, हे पहिल्यांदा जाणवलं. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी पट्टे, विटा, खुर्च्या आसनांसाठी वापरायला शिकवल्या, ते किती मोठं काम आहे हे आज माझ्या शरीराला समजलं.

बाकी दिवसभरात जमेल तसं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी ताडासन, लोकलची वाट बघताना दोन्ही पायांवर सारखं वजन. संध्याकाळी जेवणाआधी, पोट रिकामं असताना, पंधरा मिनिटं चटई.

आज शवासनात लेक हळूच शेजारी येऊन आडवी झाली. दोघी काही न बोलता पंख्याचा आवाज ऐकत पडलो होतो.