कतारचा वर्ल्डकप : पैसा कुठं गेला आणि राहिलं काय

अहमदाबादला २०३० चे कॉमनवेल्थ गेम्स मिळाल्यापासून आमच्या कोरेगावच्या ग्रुपवर एकच चर्चा, देशाला केवढा फायदा होणार! आणि मी कतारच्या दोहात राहतो म्हणून सगळी मलाच विचारतात, तुमच्याकडं २०२२ ला फुटबॉलचा वर्ल्डकप झाला तेव्हा नक्की मिळालं काय? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी देश केवढा ते बघा. लोकसंख्या तीस लाखाच्या आसपास, क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपला सातारा जिल्हाच. आता समजा वाई, फलटण, कराड धरून जिल्ह्यात आठ स्टेडियम उभी केली, त्यातलं एक ८८ हजारांच्या वर माणसं बसणारं, आणि महिन्याभरात ६४ मॅच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झाली ती एसटी स्टँडजवळच्या शाहू स्टेडियमवर, आहे तेच मैदान वापरून. इथं आठातली सात नवी बांधली.

खर्चाचा आकडा सगळीकडं फिरतो तो २०० अब्ज डॉलरच्या वरचा, आणि लोकांना वाटतं एवढा पैसा फुटबॉलवर उडवला. तसं नाही. स्टेडियमचा खर्च साधारण साडेसहा अब्ज सांगतात, बाकीचा सगळा मेट्रो, रस्ते, विमानतळ, हॉटेलं आणि लुसैल नावाचं अख्खं नवं शहर. ही कामं आज ना उद्या करायचीच होती, वर्ल्डकपची तारीख पडली म्हणून घाईनं झाली एवढंच. ज्या उन्हात ती झाली त्यात किती मजूर गेले यावर अजून वाद चालू आहे, आणि फायद्या-तोट्याच्या हिशोबात तो रकाना कुणी धरतच नाही.

बरं, कमाई? टीव्हीचे हक्क, स्पॉन्सर, तिकिटं हे सगळं फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचं. २०१९ ते २२ या चार वर्षांत त्यांनी साडेसात अब्ज डॉलर कमावले. त्यातून टीमांना बक्षिसं ४४ कोटी डॉलर, त्यात जिंकलेल्या अर्जेंटिनाला ४ कोटी २० लाख. यजमानाच्या वाट्याला येतो तो प्रेक्षकांचा खर्च, आणि त्यातही गळती! दोहात रूम महाग म्हणून कितीतरी लोक दुबईला उतरले, सकाळी विमानानं यायचं, मॅच बघायची, रात्री परत. जेवण-राहण्याचा पैसा दुबईच्या हॉटेलवाल्यांनी नेला की राव.

आणि जे पाहुणे एरवी आलेच असते त्यांचं काय, हे कुणी मोजत नाही. माझी आई नोव्हेंबरात यायची होती, थंडी पडते, हवा बरी असते म्हणून. पण १ नोव्हेंबरपासून २३ डिसेंबरपर्यंत साधे व्हिजिटर बंद, मुख्यतः मॅचचं तिकीट घेऊन हय्या कार्ड, म्हणजे वर्ल्डकपचा प्रवेश-परवाना, काढलेल्यांनाच प्रवेश. आई फोनवर म्हणाली, "मला कुठं फुटबॉल कळतंय, तू बघ तुझं तुझं." झालं, तो बेत गेला तो गेलाच. शाळांना सुट्टी, सरकारी ऑफिसं वीस टक्के माणसांवर, बांधकामं थांबलेली. आमच्या ओळखीची चार-पाच पोरं, वाठारची, तासगावची, साईट बंद म्हणून आधीच घरी धाडलेली. म्हणजे टीव्हीवर गर्दीच गर्दी आणि आमच्या मन्सूरा भागातला भाजीवाला माश्या मारत बसलेला.

भाड्याचं तर विचारूच नका. आमच्या बिल्डिंगच्या मालकानं उन्हाळ्यात चिठ्ठी पाठवली, भाडं दीडपट, आणि सही करायची तर दोन वर्षांच्या करारावर, नाहीतर खोली सोडा. दोन बॅचलर सोडून गेले, आम्ही फॅमिलीवाले मुकाट भरत राहिलो. पुढच्या वर्षी गावभर फ्लॅट रिकामे पडले, भाडी उतरली, पण आमचा करार कागदावर होता ना, मग काय, भरा.

राहिलं काय म्हणाल तर मेट्रो. ती २०१९ लाच सुरू झाली, एका फेरीला २ रियाल आणि दिवसभर कितीही फिरा, ६ च्या वर कापत नाही, मी तर गाडी विकायच्या विचारात आहे. स्टेडियममध्येसुद्धा २०२४ च्या सुरुवातीला एशियन कप झाला, कतारनंच जिंकला. आठातलं एक स्टेडियम ९७४ शिपिंग कंटेनर वापरून बांधलेलं, ते खोलून न्यायचं म्हणाले होते, तिथं नंतरही मॅच झाल्या. पण हे तेल-गॅसवाल्यांचं गणित आहे, त्यांना कर्जाचा घोर नाही. मॉन्ट्रियलनं १९७६ चं ऑलिंपिक भरवलं आणि त्याचं कर्ज फिटलं २००६ ला. उलट लॉस एंजेलिसनं १९८४ ला बरीचशी जुनीच मैदानं वापरली आणि चक्क नफा काढला. त्यामुळं अहमदाबादचं मला विचाराल तर किती येणार हे विचारू नका, नवीन काय बांधणार आणि त्याचं लाइटबिल २०३१ पासून कोण भरणार ते विचारा.

आणि आत्तापासून रूम बुक करू का म्हणणाऱ्या आमच्या दाजींना सांगतो, करूनच टाका. २०२३ ला तिथं भारत-पाकिस्तान मॅच होती तेव्हा हॉटेलं इतकी महागली की लोक चेकअपच्या नावाखाली हॉस्पिटलात बेड मागायला लागल्याच्या बातम्या होत्या, आणि तुमची शुगर तर तशीही तपासायचीच आहे.