दिवाणखान्यातला न्यान

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही पेंढा भरता ना?" नाही हो, मी पेंढा भरत नाही. शिकार बंद आहे, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, टॅक्सीडर्मीचा, म्हणजे मेलेली जनावरं भरून ठेवण्याचा, धंदा करायचा तर त्यातल्या 44 व्या कलमाखाली लायसन्स लागतं. मी इथे बडोद्यातच म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकले, आणि पणजोबांच्या काळातली जी डोकी भिंतीवर टांगलेली आहेत ती आहेत तिथेच, आहेत तशी टिकवायची एवढंच माझं काम. तेही मालकीचं सर्टिफिकेट आणि वनखात्याची परवानगी बघितल्याशिवाय शिडीवर पाय ठेवत नाही.

ही केस दांडिया बाजाराच्या एका वाड्यातली. घरमालकांचे, म्हणजे ज्यांना मी काका म्हणते त्यांचे, वडील वारले. कायद्याच्या शेड्यूल एकमधल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या, जनावराची ट्रॉफी वारसाकडे आली की 90 दिवसांत त्याने आपल्या नावाने डिक्लरेशन द्यायचं असतं, मग खात्याचं माणूस पाहणीला येतं. आणि भिंतीवरच्या डोक्याचे केस सोफ्यावर गळत होते. पन्नास-पन्नास वर्षं कुणी वर मान करून बघत नाही, आणि पाहणीची तारीख आली की मला फोन, "जरा बरं दिसेल असं करून द्या."

डोकं न्यानचं. न्यान म्हणजे तिबेटी अरगली, जंगली मेंढ्यांतली सगळ्यात थोराड जात, आपल्याकडे मुख्यतः लडाखात चांगथांगच्या बाजूला, साधारण 4000 मीटरच्या वर राहते. बडोद्यात मी वाघ, बिबटे, सांबर, चिंकारा ढिगाने बघितलेत पण न्यान पहिल्यांदाच, त्यामुळे खरं सांगायचं तर फी कमी सांगितली. काकांची आई, सगळे तिला माई म्हणतात, खाली खुर्चीत बसून गोष्ट सांगत होती. तिच्या सासऱ्यांनी काश्मीर दरबारचा परवाना काढला, घोड्यावरून महिनाभर चढले, चार दिवस बर्फात माग काढला आणि एका गोळीत. "एकच गोळी हं," हे तिने दोनदा सांगितलं. दसऱ्याला तलवारीबरोबर या डोक्यालाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ.

हळदकुंकवाचं ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण चोपडलेला असायचा, किडीचा सगळ्यात खात्रीचा इलाज तोच होता, आणि आर्सेनिक काही उडून जात नाही. शंभर वर्षांनीही धुळीत असतं. टेस्ट केली, आलंच. आणि घरातला पोऱ्या दर दिवाळीला तोंडाने फुंकर मारून डोकं साफ करायचा! मी ग्लोव्हज, मास्क घालून चढले तर काकू हसल्या, "अगं मेलेलं आहे, चावणार नाही." लोकांना हे पटवण्यात माझी अर्धी एनर्जी जाते.

किडीसाठी डीप फ्रीजर. वस्तू घराबाहेर न्यायची नव्हती म्हणून आइस्क्रीमवाल्याचा आडवा फ्रीजर भाड्याने आणून ओटीवर ठेवला. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून, हवा काढून उणे 20 ला दोन आठवडे, नंतर बाहेर काढलं तरी पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पाणी केसांवरच धरतं. एवढं केलं की कार्पेट बीटलच्या अळ्या संपतात. यात सांगण्यासारखं काही नाही, वाट बघायची असते.

गंमत सुरू झाली ती चेहऱ्यापाशी. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याची भेग बुजवायला मी टॉर्च लावून बघतेय आणि तिथे खळगाच नाही. मेंढीवर्गातल्या जनावराला डोळ्याच्या पुढे एक ग्रंथी असते, कातड्यात तिचा स्पष्ट खळगा दिसतो. बकरीवर्गात ती नसते. चांगल्या कारागिराचा हात मी या खळग्यावरून ओळखते, भरणाऱ्याला नीट करता नाही आला तर तो निदान रंगाने सावली तरी देतो. इथे कातडंच सपाट. मग कान बघितले. न्यानचे कान छोटे, हे कान टोकाला कापून, आत दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेले. टाके इतके सुंदर की खालून कुणाला दिसणार नाहीत. म्हणजे लांब कानाचं आपलं गावठी बकरं. गळ्याचा पांढरा भाग वेगळ्या कातडीचा तुकडा जोडून केलेला. आणि डोळे काचेचे, गोल बाहुलीचे, बिबट्याला शोभतील असे. मेंढीची बाहुली आडवी असते, शिवाय मान कशीही वळवली तरी ती जमिनीला समांतर बसवावी लागते, आमच्या कामात डोळा बसवण्यातच सगळी कसोटी. ज्याने हे केलं त्याने न्यान जिवंत काय, मेलेलाही बघितला नसणार. बहुतेक एखाद्या चित्रावरून केलं असेल.

शिंगं मात्र न्यानचीच. जाड, सुरकुतलेली, त्यात शंका नाही. (त्याच डोंगरांतल्या भरलची, म्हणजे निळ्या मेंढीची, शिंगं गुळगुळीत असतात आणि बाजूला फाकतात.) त्यांच्यावर काळ्या बूट पॉलिशचे थरावर थर होते. ते कापसाने उतरवत गेले तर खाली एका बाजूने शिंग राखाडी, उन्हाने फुटलेलं, पापुद्रे सुटलेलं, आणि दुसऱ्या बाजूने ठणठणीत. हे टांगून होत नाही. शिंग वर्षानुवर्षं उघड्यावर एका कुशीवर पडून राहिलं की असं होतं.

मग मी कड्या मोजल्या. थंडीत शिंगाची वाढ थांबते, तिथे खोल खाच पडते, दोन खाचांमधलं अंतर म्हणजे एक वर्ष. एकाच जनावराच्या दोन्ही शिंगांवर हा हिशोब जवळजवळ सारखा यायला हवा, टोक झिजलं असेल तर सुरुवातीचं एखादं वर्ष कमी भरेल. इथे उजव्यावर 7, डाव्यावर 10, आणि अंतरं कुठूनही लावून बघितली तरी जुळेनात. दोन वेगळे मेंढे.

ओळखीचे एक घोड्यांचे डॉक्टर आहेत, घोड्यांच्या पायांसाठी त्यांच्याकडे पोर्टेबल एक्सरे मशीन असतं. त्यांना चहाच्या बोलीवर बोलावलं. फोटोत कवटी नाहीच. लाकडाचा ठोकळा, त्यात दोन लांब स्क्रू, आणि शिंगांच्या आत हाडाचा गाभाही नाही. मेंढीचं शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरची टोपी असते, जनावर मरून बरेच दिवस गेले की ती आपोआप सुटून येते. शिकारी कवटीसकट शिंग आणतो. नुसती टोपी आणतो तो वेचणारा, किंवा विकत घेणारा. लडाखात वाटेवर, मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी भिंतींवर, ल्हातोंवर म्हणजे देवतांच्या ठाण्यांवर जंगली जनावरांची शिंगं ठेवलेली असतात. कोल्ह्या-लांडग्यांनी खाल्लेल्या, म्हातारपणाने मेलेल्या मेंढ्यांची शिंगं त्या मोकळ्या पठारावर सापडायचीही.

म्हणजे गोळी झाडलेलीच नाही. निदान या जनावरांवर तरी नाही.

मला धक्का वगैरे बसला नाही, उलट आनंद झाला, इतकी मजेशीर वस्तू हातात क्वचित येते. त्या अनामिक कारागिराला सलाम ठोकावासा वाटला. पण खाली माई बसलेली. तिचा नवरा जाऊन थोडेच दिवस झालेले, आणि सासऱ्यांच्या एका गोळीवर त्या घराच्या तीन पिढ्या उभ्या.

लाकडी ढालीवर पितळेची पट्टी आहे, ती मी ब्रासो न लावता हलक्या हाताने पुसली. (ब्रासोने अक्षरं झिजतात, पण ऐकतंय कोण.) त्यावर फक्त "न्यान, लडाख". शिकाऱ्याच्या ट्रॉफीवर आधी शिकाऱ्याचं नाव असतं, मग तारीख, मग शिंगांचं माप इंचात, या बाबतीत ती मंडळी भारी हौशी होती. इथे यातलं एकही नाही. मला राहून राहून वाटतं की माईचे सासरे खोटं बोललेच नसावेत. त्यांनी शिंगं आणली, कुणाकडून तरी चेहरा करून घेतला, खाली जनावराचं आणि मुलखाचं नाव लिहिलं, बास. गोळी नंतर कुणीतरी घातली. मुलाने, नातवाने, आलेल्या पाहुण्याने, कोण जाणे. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाच्या सांगाड्यासमोर उभं राहून लोक एकच विचारतात, "खरा आहे का?" या डोक्याला कोणी तेवढंही विचारलं नव्हतं.

काकांना एक्सरे दाखवला. ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "हे रिपोर्टात लिहिणारच का?" मी म्हटलं लिहिणार, कंडिशन रिपोर्टमध्ये आत काय आहे ते लिहावंच लागतं, उद्या कुणी तो ठोकळा कवटी समजून ड्रिल मारेल. शिवाय कागदावर "एक डोकं" आहे आणि प्रत्यक्षात दोन न्यानची शिंगं आणि एक बकरा, हे लपवून पुढे तुम्हीच अडकाल. "कुणी मारलं ते मी लिहीत नाही, ते माझं कामच नाही." ते म्हणाले, माईला काही बोलू नका. मी बोलले नाही. एवढं कबूल करायला नको होतं असं कधी वाटतं, आणि कधी वाटतं की नव्वदीच्या बाईला एक्सरे दाखवून मी काय सिद्ध करणार होते? आमच्यातले काही लोक या बाबतीत फार कडक बोलतात, पुरावा म्हणजे पुरावा. त्यांनी कधी कुणाच्या घरात बसून काम केलेलं नसतं, लॅबमध्ये वस्तू एकटी येते.

पाहणीला आलेल्या गृहस्थांनी टेप लावली, फोटो काढला, एक नग लिहिलं आणि चहा घेऊन गेले. माझा रिपोर्ट फाइलला लागला की कपाटात गेला ते काकांनी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, त्यांनी विषय आंब्यांवर नेला.

आता त्यांच्या मुलाचा मेसेज आलाय. त्याने नेटवर न्यानचे फोटो बघितले, आपल्या डोक्याचे डोळे चुकीचे दिसतात म्हणे, आडव्या बाहुलीचे बसवून मिळतील का, पैशांचा प्रश्न नाही. मिळतील, बाहेरून मागवता येतात, काम अर्ध्या दिवसाचं. पण मग बकऱ्याच्या चेहऱ्यात मेंढीचे डोळे बसवून ती गोष्ट मीच आणखी पक्की करणार, आणि त्या कारागिराचा हात पुसला जाणार तो वेगळाच. मी त्याला लिहिलंय की आधी रिपोर्टचं तिसरं पान वाच, मग बोलू. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.