दहावीचा पेपर आणि पारदर्शक पाऊच

लेकीला टाइप १ डायबिटीस (शरीरात इन्सुलिन बनणंच बंद होतं, तो) निघाला तेव्हा ती सातवीत होती. ती तहान, रात्री दहादा बाथरूमला उठणं, बघता बघता उतरलेलं वजन, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. मी लिहितेय ते पुढच्या एका कामाबद्दल. सीबीएसईच्या दहावीच्या परीक्षेत ग्लुकोमीटर (रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र) आणि खाऊ सोबत ठेवायची परवानगी आम्ही कशी काढली, ते. नागपुरातल्या ओळखीच्या दोघी-तिघी आयांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

परवानगी मिळते. सीबीएसईनं २०१७ मध्येच टाइप १ च्या मुलांना साखरेच्या गोळ्या, चॉकलेट, केळं-सफरचंद-संत्र्यासारखं फळ, सँडविच आणि पाण्याची लहान बाटली न्यायची मुभा दिली. पुढे ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या, अंगावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर, इन्सुलिन सोडणारा पंप हेही त्यात आलं. सगळं पारदर्शक पाऊचमध्ये ठेवायचं. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रमाणपत्र शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत द्यावं लागतं आणि केंद्रावर आधी कळवावं लागतं. राज्य मंडळाची मुलं असतील तर शाळेमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे विचारा, आमचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही.

कागदावर एवढंच. शाळेच्या ऑफिसात मात्र पहिलाच प्रश्न आला, "अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग कसं होईल मॅडम? सिकल सेलवाल्या पोरांचं तर असते." त्यांचंही खरं. आपल्या विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तो आहे. टाइप १ त्या यादीत नाही. म्हणून त्या प्रमाणपत्रामागे धावूच नका. डायबिटीसच्या मुलांसाठी बोर्डाची सूचना वेगळी आहे, तिची प्रिंट काढून नेलेली बरी. ती टेबलावर ठेवली तसा सूर बदलला. डॉक्टरांच्या पत्रात मी तीन गोष्टी आवर्जून लिहून घेतल्या: आजाराचं नेमकं नाव, इन्सुलिनवर असणं, आणि मध्येच तपासणं, खाणं, बाथरूमला जाणं यांची गरज. साखर चढली की लघवी थांबवता येत नाही, हे निरोगी माणसाच्या लक्षातच येत नाही.

खरी अडचण घरातच होती. लेक म्हणाली, "मला नाही करायचा अर्ज."

तिच्या वर्गात दोन मैत्रिणी सोडल्या तर कोणाला काही माहीत नव्हतं. दुपारचं इन्सुलिन ती बाथरूममध्ये जाऊन घ्यायची. तिला दिसत होतं ते एवढंच की पाऊच पर्यवेक्षकांच्या टेबलावर असणार, त्यावर तिचं नाव असणार, आणि ती उठली की अख्खा हॉल मान वळवणार. "बिचारी म्हणून पाहतील सगळे." तिच्या बाबांचा बेत तर याहून भारी होता: तीन तास केंद्राबाहेर गाडी लावून बसायचं. सासूबाई म्हणाल्या, "लपवून काय होते? सांगून टाकावं सरळ." त्यावर ती, "आजी, तू कारल्याचा रस सगळ्यांना सांगून पाजते, तसं नाही जमत मला."

चार-पाच दिवस घरात हाच विषय. मग आमच्या डॉक्टर मॅडमनी तो सोडवला, तोही आमच्याशी न बोलता. आम्हाला बाहेर बसवून त्यांनी तिला विचारलं, कोणाला कळलेलं चालेल आणि किती? ती यादी तिनं केली: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, हॉलमधले सर किंवा मॅडम. बस. मुलांना सांगायचं नाही, बाबांनी गेटसमोर थांबायचं नाही. ते हजार पावलांवरच्या चहाच्या टपरीवर थांबतील, असं ठरलं. (पावलं त्यांनी मोजली होती.)

पर्यवेक्षकांना द्यायला मी एक चिठ्ठी लिहिली होती, चांगली पानभर. तिनं ती बाजूला ठेवून स्वतःची चार ओळींची लिहिली: मला टाइप १ डायबिटीस आहे. मी हात वर केला की पाऊच माझ्या बाकावर द्या. मी गोळ्या खाऊन थोडा वेळ नुसती बसेन. मी नीट उत्तर देत नसेन तर गोड द्या आणि आईला फोन करा. शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं.

आता सेन्सरची गंमत ऐका. दंडावरचा सेन्सर ती मोबाइलनं वाचते, आणि परीक्षेत मोबाइल चालत नाही. हे आदल्या रात्री लक्षात आलं तर हातपाय गळतील. आम्ही सेन्सरचा वेगळा रीडर घेतला आणि तो बंद पडला तर म्हणून साधा ग्लुकोमीटरही पाऊचमध्ये ठेवला. ग्लुकोज पावडरचा डबा घेतला नाही. परीक्षा हॉलमध्ये पुडीतली पांढरी पावडर कोणाकोणाला समजावत बसणार? चार ग्रॅमच्या ग्लुकोज गोळ्या घेतल्या. साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, हा नियम आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे गोळ्या चार.

प्रीबोर्डमध्ये पूर्ण रंगीत तालीम केली, हे मात्र प्रत्येकानं करावं. त्यात कळलं की पेपरच्या आधी तिची साखर टेन्शननं दोनशेच्या वर जाते आणि लिहायला लागली की तासाभरात आपोआप उतरते. ती वरची साखर बघून इन्सुलिनचा जादा डोस दिला असता तर भर पेपरात खाली गेली असती. डॉक्टरांनी सकाळच्या डोसचं गणित त्याप्रमाणे बसवून दिलं. हे आकडे आमच्या पोरीचे आहेत, तुमच्या मुलाचे वेगळे असतील. पाळीच्या आधीचे दिवस अजून वेगळे. तेव्हा तिला इन्सुलिन जास्त लागतं, आणि टाइमटेबल काही पाळी बघून लागत नाही. नाश्त्याला तर्री-पोहे बंद, मुगाचा चिला आणि अंडं सुरू, कारण त्यानं साखर एकदम उसळत नाही.

पहिल्या पेपरच्या सकाळी सासूबाई दही-साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या. मी आडवी जाणार, तेवढ्यात लेक म्हणाली, "राहू दे आई, चमचाभर साखर म्हणजे पाच ग्रॅम. धरली मी हिशोबात." आणि खाऊन, पाया पडून गेली.

गणिताच्या पेपरला साखर उतरलीच. रीडरवर ७८ आणि बाण खाली. तिनं ७० ची वाट न बघता हात वर केला. साखर उतरली की तिला सोपी बेरीजही चुकते, म्हणून त्या वेळात काही सोडवायचं नाही असं तिनं आधीच ठरवलं होतं. मॅडमनी पाऊच आणून दिला, चिठ्ठी वाचलेली होती, काही विचारलं नाही. गेलेली पंधरा मिनिटं परत मिळाली नाहीत. जादा वेळ आम्ही मागितला नव्हता.

बाहेर आल्यावर शेजारच्या बाकावरच्या पोट्ट्यानं विचारलंच, "तुला खाऊ काऊन देत होते बे?"

"तुझं स्वादुपिंड बंद पडलं की तुलाही देतील."

घरी येऊन हे तिनं स्वतःच सांगितलं, हसत. बाबांना मी तेव्हाच म्हटलं, आता टपरी सोडा. पुढच्या पेपरला ते ऑफिसला गेले, फोन मात्र हातातच.

आता ती अकरावीत आहे. जेईई मेनचं माहितीपत्रक तिनं स्वतः उघडून वाचलं. तिथे नियम वेगळा आहे: साखरेच्या गोळ्या, फळ आणि पारदर्शक बाटलीतलं पाणी चालतं, चॉकलेट, सँडविच असं पॅक केलेलं काही चालत नाही. केळं एप्रिलच्या नागपुरी उन्हात काळं पडतं, म्हणून ती संत्रं नेणार म्हणते. सोलायला वेळ जाईल, असं मी म्हटलं. तर घरून सोललेलं चालेल का, हे विचारायचा मेल तिनं लिहून ठेवलाय.